एस्सेनच्या वाटेवरचे फासे

बैठ्या खेळांचा जागतिक मेळावा आता मोठी बाजारपेठ झाला आहे. तेथवर पोहोचण्याचे नियोजन मात्र महाराष्ट्रातील खेळाडूसाठी खेळापेक्षा अवघड ठरते.

जर्मनीतील एस्सेन हे एकेकाळचे कोळसा आणि पोलादाचे शहर. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये चार दिवस या शहरातील प्रदर्शनगृहांत पट मांडले जातात, सोंगट्या सरकतात आणि फासे पडतात. 'श्पील' या नावाने ओळखला जाणारा हा मेळावा बैठ्या खेळांच्या दुनियेतील सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक. २०२४ मध्ये त्याची सर्व तिकिटे संपली आणि सुमारे दोन लाख चार हजार लोकांनी हजेरी लावली. नऊशेहून अधिक प्रदर्शकांनी तेथे आपले खेळ मांडले होते. पंढरीच्या वारीची सवय असलेल्या महाराष्ट्राला गर्दीच्या आकड्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. पण हे सारे लोक केवळ टेबलाभोवती बसून खेळण्यासाठी आणि नवे खेळ विकत घेण्यासाठी येतात, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

पुण्या-मुंबईत गेल्या दशकभरात बैठ्या खेळांचे गट, खेळांची कॅफे आणि 'मीपलकॉन'सारखे मेळावे रुजले. त्यात रमणारा वर्ग प्रामुख्याने तिशीच्या आतबाहेरचा, नोकरदार आणि इंग्रजी नियमपुस्तिका सहज वाचणारा असला, तरी तो सगळाच शहरात जन्मलेला नाही. शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावातून शिक्षणासाठी पुण्यात आलेले, रांजणगावच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत स्थिरावलेले तरुणही त्यात आहेत. अशा तरुणाने 'एकदा एस्सेनला जाऊन येऊ' असे मनात आणले, तर त्याच्यापुढे कोणत्या चाली उरतात, याचा हिशेब मांडला असता छंदापलीकडचे बरेच काही उघड होते.

कोळशाच्या शहरातील जत्रा

या मेळाव्याचा उगम साधा आहे. १९८३ मध्ये एस्सेनच्या प्रौढशिक्षण केंद्रात खेळाडूंचे एक संमेलन भरले आणि पाहता पाहता ते शहराच्या प्रदर्शनगृहात जाऊन पोहोचले. त्याआधीच, १९७९ पासून, जर्मनीत 'वर्षातील सर्वोत्तम खेळ' असा पुरस्कार दिला जाऊ लागला होता. समीक्षकांनी खेळांकडे पुस्तकांप्रमाणे पाहावे, खेळाच्या खोक्यावर रचनाकाराचे नाव छापले जावे, कुटुंबाने रविवारची दुपार एकत्र खेळण्यात घालवावी, अशी एक संस्कृतीच तेथे उभी राहिली. १९९५ मध्ये हा पुरस्कार मिळवणारा क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' पुढे जगभर पोहोचला. आपल्याकडील कॅफेंमध्ये नवख्या मंडळींसमोर अनेकदा पहिल्यांदा तोच मांडला जातो.

अमेरिकेतील परंपरा वेगळी. तेथील 'जेन कॉन' १९६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात सुरू झाली आणि २००३ पासून इंडियानापोलिस येथे भरते. २०२३ मध्ये तिची उपस्थिती सत्तर हजारांवर गेली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे २००७ पासून 'यूके गेम्स एक्स्पो' भरतो. या तिन्ही ठिकाणी खेळाडू आणि व्यापारी एकाच छताखाली असतात. कोणता खेळ कोणत्या भाषेत निघणार, कोणाला छपाईचे काम मिळणार, कोणत्या नवोदित रचनाकाराचा नमुना प्रकाशक उचलणार, याचे व्यवहार तेथील टेबलांवर ठरतात. म्हणूनच तेथे जाणे ही नुसती हौसेची सहल राहत नाही.

यांपैकी कोठे जायचे, हा नियोजनातला पहिला प्रश्न. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे मूळ शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखतीसाठी ताटकळण्याचा अनुभव अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुलाखतीतून मिळणाऱ्या सवलतीही आक्रसल्या. ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र. त्यावर युरोपातील अन्य देश पाहता येत नाहीत. शेंगेन व्हिसावर मात्र एस्सेनसोबत ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसही जोडता येते. परिणामी बहुतेकांचा कल जर्मनीकडे झुकतो. येथे एक नियम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. चार दिवस एस्सेन आणि सहा दिवस पॅरिस असा कार्यक्रम आखला, तर अर्ज फ्रान्सकडे जातो.

पंचांग आणि पूर्वतयारी

दुसरा प्रश्न तारखांचा. २०२५ मध्ये श्पील २३ ते २६ ऑक्टोबर या दिवसांत झाला. महाराष्ट्रात २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा आणि २३ ला भाऊबीज होती. म्हणजे मेळाव्याचे दार उघडताना हजर राहायचे, तर पाडव्याच्या ओवाळणीआधीच घराबाहेर पडणे भाग होते. एकीकडे सुट्ट्यांची सोय, दुसरीकडे घरच्यांचा रुसवा आणि ऐन दिवाळीतले विमानभाडे, असा हा पेच. दिवाळी आणि ऑक्टोबर यांचे नाते दरवर्षी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी दिनदर्शिका पाहणे हे मराठी प्रवाशासाठी नियोजनाचे आवश्यक अंग ठरते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमानुसार निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत अपेक्षित असतो. अधिक चौकशी लागल्यास तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. अडचण बहुधा निर्णयापेक्षा अर्ज सादर करण्याची वेळ मिळवण्यात येते. त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रवासाची तयारी आषाढात सुरू झालेली बरी. पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे लागते. किमान तीस हजार युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्कामाची नोंदणी, येण्याजाण्याचे आरक्षण, नोकरीतून मंजूर झालेली रजा आणि बँकेचे उतारे ही इतर कागदपत्रे. त्यात मेळाव्याचे तिकीट जोडल्यास प्रवासाचे प्रयोजन स्पष्ट होते. आपला खेळ मांडण्यासाठी किंवा प्रकाशकांच्या भेटीसाठी जाणाऱ्याने पर्यटक म्हणून न जाता व्यावसायिक कारणाचा व्हिसा घेणे आणि निमंत्रणपत्र जोडणे श्रेयस्कर.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. पारपत्रावरील शिक्क्यांची जागा ही नोंद घेणार असल्याने, मुदतीपेक्षा एक दिवस अधिक राहिल्यास तेही तत्काळ लक्षात येईल. याउलट एक दिलासाही आहे. एप्रिल २०२४ मधील निर्णयानुसार, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. पहिली फेरी सर्वांत कठीण; पुढच्या फेऱ्या तुलनेने सोप्या.

उसाचे बिल आणि बँकेचा उतारा

इथपर्यंतचे नियम सर्वांना सारखे दिसतात. प्रत्यक्षात ते सर्वांना सारखे लागत नाहीत. पुण्यातील पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा होते, दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरले जाते आणि कंपनीचे पत्र एका ई-मेलवर मिळते. व्हिसा अधिकाऱ्याला हवे असलेले चित्र त्याच्याबाबतीत आपोआप तयार होते.

निमोण्यात शेती सांभाळणाऱ्या, तेवढाच खेळवेडा असलेल्या त्याच्या भावाचे काय? शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेक शेतकरी कुटुंबांत विवरणपत्र भरण्याची पद्धतच नसते. उसाचे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण ते हप्त्याहप्त्याने आणि उशिरा मिळणे हा ऊसपट्ट्यातील नेहमीचा अनुभव. परिणामी खात्यात कित्येक महिने जेमतेम शिल्लक आणि मग एकदम मोठी रक्कम, असा उतारा तयार होतो. अर्जाच्या तोंडावर जमा झालेली मोठी रक्कम कोणत्याही दूतावासाला उसनी वाटू शकते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती वर्षभराच्या घामाची असते.

जमिनीचा पुरावा म्हणून सातबारा जोडता येतो, पण तो मराठीत असतो आणि त्यावर चुलत्यांची, भावांची नावे एकत्र नांदत असतात. त्याचा भाषांतरित उतारा, वारसांच्या नोंदी, शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे असे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग, या सगळ्यांचा मेळ घालणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. त्यात मायदेशी परत येण्याची खात्री पटवून देण्याचा भार अर्जदारावरच. ज्याची जमीन, आईवडील आणि उभे पीक गावात आहे, त्याच्याइतके परतण्याचे सबळ कारण दुसऱ्या कोणाकडे नसेल. तरीही ते कागदावर सिद्ध करणे त्यालाच सर्वांत कठीण जाते.

नकाराची किंमतही कमी नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे अकरा लाख अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार नाकारले गेले. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो आहे आणि नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता नव्याने अर्ज करणे किंवा जर्मन न्यायालयात जाणे, हेच दोन मार्ग उरले. खेळाच्या तिकिटासाठी परदेशातील न्यायालयात कोण जाईल?

म्हणूनच जाणकार सल्ला देतात तो उपयुक्त आहे. कर लागू नसला तरी शेतीचे उत्पन्न दाखवणारे विवरणपत्र दोन-तीन वर्षे आधीपासून भरावे. ऊसबिलाच्या पावत्या आणि कारखान्याची नोंद जपून ठेवून मोठ्या रकमेचा उगम एका पानात समजावून सांगावा. पारपत्र काढतानाच नावातील तफावत मिटवावी. कागदपत्रे पूर्ण झाल्याशिवाय पैसे परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. म्हणजे एस्सेनची तयारी खरे पाहता दोन-तीन वर्षे आधीच सुरू होते.

खर्चाचा ताळेबंद

२०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली. त्यामुळे हिशेब सोपा झाला आणि जडही. केवळ व्हिसाचे शुल्क नऊ हजारांवर गेले. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तेथून सुमारे दोन तासांच्या रेल्वे प्रवासाने एस्सेन, हा सरळ मार्ग. मेळाव्याच्या दिवसांत शहरातील हॉटेलांचे दर चढतात. अनुभवी मंडळी म्हणूनच ड्युसेलडोर्फ, डुइसबुर्ग किंवा बोखुम या जवळच्या शहरांत उतरतात आणि रोज रेल्वेने ये-जा करतात. विमानभाडे, पाच-सहा रात्रींचा मुक्काम, जेवणखाण, विमा आणि स्थानिक प्रवास धरता एकट्या माणसाचा काटकसरीचा खर्चही दोन लाख रुपयांच्या आसपास जातो. त्यात खेळांच्या खरेदीचा समावेश नाही.

आणि खरेदी टळत नाही. मोठ्या खेळाचे एक खोके दोन-तीन किलोंचे भरते. सहा-सात खोक्यांतच बॅगेतील मर्यादेचा बराचसा भाग संपतो. मुरलेले खेळाडू खोके तेथेच टाकून फक्त पट, पत्ते आणि सोंगट्या कापडी पिशव्यांत घेऊन परततात. परतताना सीमाशुल्काची सवलत-मर्यादा ओलांडली जाणार नाही, हे पावत्यांसह पाहावे लागते. कार्डाने पैसे देताना लागणारे परकीय चलनाचे अधिभारही आधीच विचारून घेतलेले बरे. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या रकमेवर आगाऊ करवसुली सुरू होण्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाखांवर गेल्याने स्वतः आखणी करणाऱ्या एकट्या प्रवाशाला त्याची झळ सहसा बसत नाही.

पट आधी गेले, खेळाडू मागे राहिले

या सगळ्या खटाटोपात एक विसंगती ठळकपणे दिसते. भारतीय खेळ युरोप-अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच जाऊन पोहोचले. पचिसीवरून बेतलेल्या 'पार्चीसी'ची नाममुद्रा अमेरिकेत १८७४ मध्ये नोंदली गेली. तिचेच सोपे रूप असलेल्या लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये घेतले गेले. पाप-पुण्याचा हिशेब शिकवणारा मोक्षपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सापशिडी होऊन बसला. महाराष्ट्रातील परंपरा मोक्षपटाचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते; त्याला समकालीन पुराव्याचे पाठबळ नसले तरी जुने मराठी मोक्षपट आजही संग्रहांत आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट दिसतात. सावंतवाडीची हाताने रंगवलेली गोल गंजिफा आजही तयार होते. गावच्या पारावर खडूने आखलेला वाघ-बकरीचा डाव कालपरवापर्यंत रंगत असे.

म्हणजे कच्चा माल आपला, कल्पना आपली. पण खोक्यावरचे नाव आणि त्यातून येणारा पैसा इतरांचा. ऊस आणि कापसाच्या बाबतीत जे घडले त्याची आठवण व्हावी, असे हे चित्र आहे. अलीकडे त्यात थोडा बदल दिसतो. मुंबईच्या झैन मेमन यांनी रचलेल्या 'शासन' या निवडणुकीच्या राजकारणावरील खेळाने २०१९ मध्ये लोकवर्गणीच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरून निधी उभा केला आणि भारतीय विषयावरचा भारतीय खेळ जगात विकला जाऊ शकतो, हे दाखवून दिले. असे रचनाकार वाढायचे असतील, तर त्यांनी एस्सेनच्या टेबलांवर बसणे गरजेचे आहे. जगाला काय आवडते हे दुरून कळत नाही.

मान्यता कोणाला, मदत कोणाला

बैठ्या खेळांसाठी परदेशी जाण्याची महाराष्ट्राला सवय नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईचे प्रशांत मोरे यांनी २०१६ मध्ये बर्मिंगहॅम येथे जागतिक कॅरम स्पर्धा आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियात कॅरमचा विश्वचषक जिंकला. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली आणि राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. या यशामागे खेळाडूंची गुणवत्ता आहेच. पण त्याबरोबर महासंघ, क्रीडा कोट्यातील नोकऱ्या आणि अधिकृत संघाचे पत्र यांचीही साथ आहे. संघाच्या पत्रामुळे दूतावासाचे दार लवकर उघडते.

तरीही सर्वांनाच ही साथ वेळेवर मिळते असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या चेन्नईच्या काझिमाला प्रवासासाठी तमिळनाडू सरकारने दीड लाख रुपयांची मदत दिली होती. पदकानंतरचे कोटी आणि पदकापूर्वीचे लाख यांतला फरक या उदाहरणातून स्पष्ट होतो. जिंकून आल्यावरचा सत्कार सर्वांना दिसतो. निघण्यापूर्वीचे विमानभाडे खेळाडूलाच दिसते.

नव्या खेळांची रचना करणाऱ्यांना तर ना महासंघ, ना कोटा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यातील 'गेमिंग' या शब्दाने बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा खेळ येतो. पुठ्ठा, लाकूड आणि छापील पत्ते यांवर उभा राहणारा खेळ या व्याख्येत ठळकपणे आणला, तर फारशा खर्चाविना बरेच साधता येईल. या उद्योगाला महागडी यंत्रणा लागत नाही. लागतो तो चित्रकार, मुद्रक, सुतार आणि नियम नेमके लिहिणारा माणूस. पुण्यातील छापखाने आणि सावंतवाडीतील कारागीर यांची परंपरा हाताशी असताना ही संधी दवडणे परवडणारे नाही. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे निर्यातदारांना परदेशी प्रदर्शनांत भाग घेण्यासाठी साह्य देणारी योजना आहेच. तिच्या आधारे एस्सेनमध्ये दहा-बारा मराठी रचनाकारांचे एक सामायिक दालन उभे राहणे अशक्य नाही. अधिकृत पथकाचा भाग म्हणून जाणाऱ्याला व्हिसाच्या खिडकीवरही एकट्याइतके झगडावे लागणार नाही.

तोवर प्रत्येकाने आपापला मार्ग आखायचा आहे. ज्याला यंदा शक्य नाही, त्याने मुंबई किंवा बंगळुरूच्या मेळाव्यात आपला नमुना आधी खेळवून पाहावा. अनोळखी माणूस नियम वाचून कोठे अडखळतो, हे तेथे दोन तासांत कळते आणि ते ज्ञान एस्सेनच्या पहिल्या भेटीत कामी येते. पण एकट्यादुकट्याच्या चिकाटीवर सोपवून हा प्रश्न सुटणार नाही. गुणवत्ता पुण्याच्या पेठेत आणि निमोण्याच्या शिवारात सारखीच असू शकते. कागदपत्रांची सोय मात्र दोन्हीकडे सारखी नाही. उसाच्या बिलाला पगाराच्या पावतीइतके वजन मिळत नाही, तोवर या पटावर निम्मे खेळाडू पहिले दान पडण्यापूर्वीच बाद होत राहतील.